डोसाने न हटणारा रातांधळेपणा

अकोले तालुक्यातल्या राजूरच्या डोंगराळ परिसरात पाच वर्षांखालच्या मुलांना दर सहा महिन्यांनी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस पाजला जातो. पहिला डोस नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाच्या लशीबरोबर, १ लाख एककांचा. पुढचे आठ प्रत्येकी २ लाख एककांचे. देशभर चालणाऱ्या या कार्यक्रमामागे जुना, कडवट अनुभव आहे. आहारात पालेभाज्या, दूध, अंडी, पिवळी फळे कमी पडली की मुलाला अंधारात दिसेनासे होते. डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे डाग येतात, आणि तरीही कोणी लक्ष दिले नाही तर डोळ्यात फूल पडून नजर कायमची जाते. वेळेवर डोस मिळाला तर हाच रातांधळेपणा काही दिवसांत ओसरतो. म्हणून गावात कोणा मुलाला संध्याकाळी दिसत नाही असे कळले की आशाताईला पहिली आठवण त्या बाटलीची होते, आणि ते बरोबरच आहे.

पण काही मुलांना सगळे डोस मिळालेले असतात. त्यांच्या डोळ्यांवर डाग नसतो, कोरडेपणा नसतो, बाहेरून डोळा आरशासारखा स्वच्छ असतो. तरी दिवेलागण झाली की ती भिंत चाचपत चालतात. आणखी डोस दिला तरी फरक पडत नाही. यातल्या काहींच्या रक्तात ‘अ’ जीवनसत्त्व पुरेसे असते, फक्त त्यांच्या डोळ्याला ते वापरता येत नाही. कारण आईवडिलांकडून आलेल्या एका जनुकात बिघाड असतो. अशाच एका जनुकाच्या बिघाडावर डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका औषधाला मान्यता दिली. शरीरात थेट जनुक पोहोचवून आनुवंशिक आजारावर उपचार करणारे, अमेरिकेत मान्यता मिळालेले ते पहिले औषध. त्याचे नाव लक्सटर्ना, आणि ज्या जनुकासाठी ते बनले त्याचे नाव आरपीई-६५.

आरपीई-६५ काय करते हे समजायला दृष्टिपटलाकडे जावे लागते. डोळ्याच्या मागच्या भिंतीवरच्या या पातळ पडद्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाखांच्या आसपास शंकूपेशी असतात. दिवसाउजेडी रंग आणि बारकावे दाखवणे हे शंकूपेशींचे काम. उजेड मंदावला की कारभार दंडपेशींकडे जातो. मे महिन्याच्या अखेरीला भंडारदऱ्याच्या काजवा महोत्सवासाठी पुण्याकडची गर्दी राजूरवरून पुढे जाते. हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात, तेव्हा त्या झाडाचा काळोखातला आकार आणि पायाखालची वाट माणसाला दिसते ती दंडपेशींमुळे.

प्रत्येक दंडपेशीत रोडॉप्सिन नावाचे प्रथिन ठासून भरलेले असते आणि त्याच्या पोटात ‘अ’ जीवनसत्त्वापासून तयार झालेला रेटिनलचा एक वाकडा रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा कण त्याच्यावर आदळला की तो रेणू सरळ होतो. त्या एका हालचालीने पेशीत विद्युत संदेश उमटतो आणि मेंदूला कळते की समोर उजेड आहे. सरळ झालेला रेणू मात्र आता निकामी असतो. त्याला पुन्हा वाकवून जागेवर आणायचे तर तो दृष्टिपटलामागच्या रंगद्रव्याच्या थरात पाठवावा लागतो. तिथे आरपीई-६५ या जनुकाच्या सूचनेनुसार बनलेले प्रथिन तो अवघड वळसा घालून देते. जनुक बिघडले की हे प्रथिन बनत नाही किंवा बनूनही काम करत नाही. ‘अ’ जीवनसत्त्व त्या थरात येऊन साठत राहते, पण वाकडा रेणू तयार होत नाही. कोठारात धान्य आहे आणि जाते मोडलेले आहे, असा हा प्रकार. जास्त धान्य आणून ओतल्याने पीठ पडत नाही.

ज्या मुलांच्या दृष्टिपटलाचे काम जन्मापासून किंवा पहिल्या काही महिन्यांतच अगदी मंद असते, त्यांच्या आजाराला लेबर यांचे जन्मजात अंधत्व म्हणतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ थिओडोर लेबर यांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. आरपीई-६५ मधला बिघाड हे त्याचे एक कारण असल्याचे १९९७ मध्ये सिद्ध झाले. बाकीची बरीच कारणे वेगवेगळ्या जनुकांत आहेत. याच घराण्यातला अधिक मोठा आजार म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. त्यात मूल बहुधा धड जन्मते, शाळेच्या वयात किंवा तारुण्यात रातांधळेपणा सुरू होतो, मग नजरेचे क्षेत्र कडेने आक्रसत जाते. शेवटी समोरचे तेवढे दिसते, बाजूने येणारी सायकल दिसत नाही. या आजाराला कारण होणारी ८० हून अधिक जनुके आता माहीत आहेत.

उपचाराची कल्पना सांगायला सोपी आहे. बिघडलेले जनुक काढायचे नाही, त्याची एक चांगली प्रत पेशीत नेऊन ठेवायची. नेण्यासाठी एडिनो-असोसिएटेड नावाचा विषाणू वापरतात. माणसाला त्याच्यापासून कोणताही आजार होत असल्याचे ज्ञात नाही. त्याच्यातली त्याची स्वतःची जनुके काढून टाकली की मोकळे कवच उरते आणि त्यात हवे ते जनुक भरता येते. कवच मात्र फार लहान असते. जनुकीय मजकुराची सुमारे ४,७०० अक्षरे मावली की संपले. आरपीई-६५ चा कामाचा मजकूर १,६०० अक्षरांच्या आसपास असल्याने तो आरामात बसतो.

शरीराच्या इतर भागांपेक्षा डोळा या उपचाराला मानवतो, त्यालाही कारणे आहेत. डोळा लहान आणि बंदिस्त आहे, त्यामुळे औषध अगदी थोडे लागते आणि ते शरीरभर पसरत नाही. शरीराची रोगप्रतिकारक फौज तिथे इतर अवयवांच्या मानाने शांत असते. त्या थरातल्या पेशी विभागत नाहीत, म्हणून आत ठेवलेली प्रत वाटली जाऊन विरळ होत नाही. डॉक्टरला बाहुलीतून आत पाहून काय चालले आहे ते प्रत्यक्ष दिसते. आणि एका डोळ्यावर उपचार करून दुसऱ्याशी ताडून पाहता येते.

राजूरला डांगी जनावरांचे मोठे प्रदर्शन भरते. पावसाळी डोंगरात टिकणारी ही काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जात जपणारे शेतकरी वळू निवडताना त्याचे खानदान विचारतात, कारण धडधाकट दिसणाऱ्या नर-मादीच्या पोटी एखादे वासरू दोष घेऊन येऊ शकते हे त्यांनी पाहिलेले असते. या जनुकोपचाराचा प्रवासही एका जपलेल्या जातीतूनच सुरू झाला. ब्रिआर्ड ही फ्रान्समधली मेंढपाळांची कुत्र्याची जात. स्वीडनमध्ये क्रिस्टिना नार्फस्ट्रॉम या पशुवैद्यक संशोधिकेने १९८९ मध्ये या जातीतल्या काही कुत्र्यांना जन्मतः अंधारात दिसत नसल्याचे नोंदवले. पुढच्या दशकात त्यामागचा बिघाड सापडला. आरपीई-६५ जनुकातली अवघी चार अक्षरे गळाली होती. माणसाच्या आजाराशी इतका जुळणारा नमुना संशोधकांना आयताच मिळाला. २००० साली अमेरिकेत लान्सलॉट नावाच्या पिल्लासह तीन आंधळ्या पिल्लांच्या दृष्टिपटलाखाली चांगले जनुक सोडण्यात आले. ती पिल्ले पाहू लागली. २००१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे लान्सलॉटला अमेरिकेच्या संसदेच्या सदस्यांसमोरही नेले गेले.

कुत्र्यांकडून माणसांकडे यायला मात्र वेळ लागला आणि तो लागायलाच हवा होता. सप्टेंबर १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात यकृताच्या एका आनुवंशिक आजारावर जनुकोपचाराची चाचणी चालू असताना १८ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला होता. वापरलेला विषाणू वेगळ्या जातीचा, मात्रा प्रचंड आणि शरीराची प्रतिक्रिया भयंकर. त्या मृत्यूनंतर या साऱ्या क्षेत्राला थांबून आपले नियम, रुग्णाला दिली जाणारी माहिती, देखरेख हे सगळे तपासावे लागले. डोळ्याच्या चाचण्या त्याच विद्यापीठातल्या जीन बेनेट आणि त्यांचे पती, शल्यविशारद अल्बर्ट मॅग्वायर यांनी पुढे नेल्या, त्या या सावटाखाली. २००७ मध्ये लंडनच्या मूरफिल्ड्स नेत्र रुग्णालयात आणि फिलाडेल्फियात माणसांवर पहिले प्रयोग झाले. एप्रिल २००८ मध्ये दोन्ही गटांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी फिलाडेल्फियात एका डोळ्यावर उपचार झालेला आठ वर्षांचा मुलगा शस्त्रक्रियेनंतर चारच दिवसांनी प्राणिसंग्रहालयात गेला, वर उडणाऱ्या फुग्याकडे पाहायला मान उचलली आणि उन्हाने डोळे दिपून ओरडला. त्याआधी ऊन त्याला कधी लागलेच नव्हते.

शस्त्रक्रिया अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जाडीच्या पडद्याखाली करायची असते. आधी डोळ्यातला जेलीसारखा द्रव काढतात. मग केसासारख्या बारीक नळीने दृष्टिपटलाच्या खाली ०.३ मिलिलिटर औषध सोडतात. तेवढ्या थेंबांत १५,००० कोटी विषाणूकवचे असतात आणि प्रत्येकात जनुकाची एक प्रत. दृष्टिपटल तिथे फुगून फोडासारखे वर येते, आणि पुढच्या तासांत द्रव शोषला जाऊन पुन्हा खाली बसते. दुसरा डोळा किमान सहा दिवसांनी. सूज येऊ नये म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या आधीपासून चालू असतात.

नजर सुधारली हे कशावरून ठरवायचे, हा प्रश्नही सोपा नव्हता. या मुलांची अडचण तक्त्यावरची अक्षरे वाचण्यापेक्षा मंद उजेडात वावरण्याची. म्हणून संशोधकांनी जमिनीवर बाणांची वेडीवाकडी वाट आखली, तिच्यात अडथळे ठेवले आणि ४०० लक्सच्या झगझगीत उजेडापासून १ लक्सपर्यंत, म्हणजे रात्री लावायच्या छोट्या दिव्याइतक्या मंद उजेडापर्यंत, मुलांना चालायला लावले. ३१ जणांची निर्णायक चाचणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर उपचार झालेल्या २० पैकी १३ जण सर्वांत मंद उजेडात वाट पार करू शकले. उपचार न झालेल्यांपैकी एकालाही ते जमले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकी प्रशासनाच्या सल्लागार समितीने औषधाच्या बाजूने १६ विरुद्ध शून्य असे मत दिले.

हा चमत्कार नव्हे. उपचारामुळे ही मुले चष्म्याशिवाय वर्तमानपत्र वाचू लागत नाहीत. जी पेशी मेलेली आहे तिला जनुक देऊन उपयोग नाही, जिवंत पेशीलाच ते कामाला लावते. लंडनच्या गटाने २०१५ मध्ये आपल्या १२ रुग्णांबद्दल लिहिले की पहिल्या सहा ते बारा महिन्यांत सुधारणा सर्वाधिक होती आणि नंतर ती उतरू लागली. फिलाडेल्फियाच्या औषधाचा, म्हणजे लक्सटर्नाचा, परिणाम त्याहून जास्त वर्षे टिकल्याच्या नोंदी आहेत, पण काही रुग्णांत औषध सोडलेल्या जागेभोवती दृष्टिपटल झिजल्याचेही आढळले आहे. हे सगळे आईवडिलांना आधी सांगितले गेले पाहिजे.

वेळ किती महत्त्वाची, याचा सर्वांत बोलका पुरावा फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनहून आला. एआयपीएल-१ या दुसऱ्या एका जनुकातल्या बिघाडामुळे बाळांना जन्मापासून फक्त उजेड-अंधार कळतो आणि दृष्टिपटल फार लवकर नष्ट होते. मूरफिल्ड्स आणि युनिव्हर्सिटी कॉलेजच्या डॉक्टरांनी एक ते पावणेतीन वर्षे वयाच्या चार मुलांच्या एकेका डोळ्यात चांगले जनुक सोडले. काही वर्षांनी उपचार झालेल्या डोळ्याने मुलांना वस्तूंचे आकार दिसत होते. ज्या डोळ्याला हात लावला नव्हता, त्याची नजर गेलेली होती. एकाच मुलाच्या दोन डोळ्यांतला हा फरक.

अपयशही बरेच आहे. कोरोइडेरेमिया या आजारावरचा जनुकोपचार २०२१ मध्ये अंतिम टप्प्याच्या चाचणीत उतरला नाही. एक्स गुणसूत्रातून येणाऱ्या रेटिनायटिस पिगमेंटोसावरचा एक मोठा प्रयोग २०२५ मध्ये आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकला नाही. लेबर यांच्या अंधत्वामागचेच सीईपी-२९० हे जनुक विषाणूच्या कवचात मावत नाही, म्हणून मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या केसी नेत्रसंस्थेत क्रिस्पर नावाची जनुके कापणारी कात्री थेट डोळ्यात सोडून ते जागेवरच दुरुस्त करण्याचा पहिला प्रयत्न झाला. १४ जणांपैकी ११ जणांत काही ना काही सुधारणा दिसली, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्याआधीच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, हा उपचार बनवणाऱ्या कंपनीने नवे रुग्ण घेणे थांबवले होते. ज्यांना खरा लाभ होईल असे रुग्ण फार थोडे होते. दुर्मीळ आजाराच्या माणसाला विज्ञानाबरोबर बाजारही साथ देईलच असे नाही, हे या प्रसंगातून दिसते आणि ते टोचते.

महाराष्ट्रात असे रुग्ण किती असतील? याचे एक उत्तर विदर्भातून मिळाले आहे. नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेचे डॉ. विनय नांगिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ ते २००८ या काळात नागपूरजवळच्या खेड्यांत घरोघरी जाऊन तिशीपुढच्या ४,७११ जणांचे डोळे तपासले. त्यांना रेटिनायटिस पिगमेंटोसाचे प्रमाण सुमारे ७५० माणसांमागे एक असे आढळले. जगाचा म्हणून सांगितला जाणारा आकडा साधारण ४,००० मागे एक असा आहे. नागपूरचे प्रमाण खेड्यापाड्यांत सर्वत्र लागू पडले, तर तिशीपुढच्या एक लाख माणसांत असे सव्वाशेहून अधिक रुग्ण निघतील. अकोले तालुक्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या वर होती. यातल्या अगदी मोजक्यांचाच बिघाड आरपीई-६५ चा असेल, पण तो कोणाचा आहे हे तपासल्याशिवाय कळणार नाही.

प्रमाण जास्त का, याचे एक कारण नात्यातली लग्ने. यातले बरेच आजार असे आहेत की बिघडलेली एकच प्रत असली तर माणूस धडधाकट असतो, आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच मूल आजारी पडते. दोघांकडेही अशी एकेक प्रत असलेल्या जोडप्याच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत मानाची मानली गेली. आजोबा-आजींच्या अंगातली एकच बिघडलेली प्रत दोन्ही शाखांतून खाली येऊन अशा संसारात पुन्हा भेटू शकते. नात्यात लग्न न करताही हे घडते, विशेषतः पिढ्यान्‌पिढ्या आसपासच्याच वाड्यांत सोयरिकी होत असतील तर. अशा घरात मुलाच्या डोळ्याचा बोल आईला लावला जातो, तो साफ अन्यायाचा आहे. या प्रकारात दोष दोघांकडून सारखाच आलेला असतो, आणि दोघांपैकी कोणाचीही त्यात चूक नसते.

लक्सटर्नाची अमेरिकेतली किंमत जाहीर झाली तेव्हा ती दोन्ही डोळ्यांसाठी साडेआठ लाख डॉलर होती. आजच्या हिशेबाने सात कोटी रुपयांच्या वर. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणाखाली ठरावीक आजारांच्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. त्यासाठी नेमलेल्या विशेष केंद्रांपैकी एक मुंबईचे केईएम रुग्णालय आहे. ५० लाख आणि सात कोटी यांच्यातली दरी भरून काढायची तर औषध इथेच बनले पाहिजे.

ते अशक्य नाही, याचे पुरावे जमू लागले आहेत. रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल करून रक्ताच्या कर्करोगाशी लढवण्याची उपचारपद्धती आयआयटी मुंबईचे प्रा. राहुल पुरवार आणि टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मिळून भारतात उभी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि तिची किंमत परदेशातल्या अशाच उपचारांच्या सुमारे दहाव्या भागाएवढी आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने हिमोफिलिया-ए च्या पाच रुग्णांवर केलेल्या जनुकोपचाराचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आदिवासी भागांना छळणाऱ्या सिकलसेलवर दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने क्रिस्परवर आधारित ‘बिरसा १०१’ हा उपचार नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्याच्या पुढच्या वाटचालीत पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट भागीदार आहे. याच आयजीआयबीच्या शास्त्रज्ञांनी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेबरोबर आणखी एक काम केले आहे, आणि ते या लेखाच्या विषयाला थेट भिडते. लेबर यांचे अंधत्व असलेल्या एका भारतीय रुग्णाच्या पेशी घेऊन त्यांनी प्रयोगशाळेत आरपीई-६५ मधला बिघाड सुधारित कात्रीने दुरुस्त केला. २०२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळेतल्या पेशींपासून मुलाच्या डोळ्यापर्यंतचा रस्ता लांब आहे, पण पहिला टप्पा आपल्याकडे पार पडला आहे.

राजूरला आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे आणि परिसरातल्या आश्रमशाळांचा कारभार त्याच्याकडे आहे. महादेव कोळी, ठाकर समाजांतली मुले तिथे आईवडिलांपासून दूर राहून शिकतात. घरात दिवस मावळल्यावर मूल चाचपडते हे आईला दिसते. वसतिगृहात ते दिसणार अधीक्षकांना, शिक्षकांना आणि शेजारी झोपणाऱ्या मुलांना. संध्याकाळच्या जेवणाला जाताना मित्राचा हात न सोडणारे मूल, अंधारात बाहेर जायला नकार देणारे मूल, फेकलेला चेंडू दिसला नाही म्हणून धांदरट ठरवले गेलेले मूल, यांची नोंद व्हायला हवी. तान्ह्या बाळांत खुणा वेगळ्या असतात. बुबुळे एका जागी ठरत नाहीत, सतत भिरभिरतात. बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहत नाही, दिव्याकडे टक लावते, किंवा मुठींनी डोळे दाबत राहते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्या आणि शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतात. तक्त्यावर अक्षरे वाचून घेण्याच्या तपासणीत रातांधळे मूल सहज पास होऊ शकते, कारण वर्गात उजेड असतो. मोतीबिंदूच्या शिबिरातही विजेरीच्या झोतात हा आजार दिसत नाही. त्यासाठी डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या कराव्या लागतात आणि दृष्टिपटलाच्या तज्ज्ञाने आत पाहावे लागते. पथकाने मुलाला एक साधा प्रश्न विचारावा, संध्याकाळी दिसते का? हा प्रश्न फुकट आहे आणि उपकरणाशिवाय विचारता येतो.

निदान झाल्यावर रक्ताच्या काही थेंबांतून जनुकीय तपासणी होते. तीत बिघाड कोणत्या जनुकात आहे हे सापडले, तर तीन गोष्टी हाती येतात. उपचार किंवा चाचणी उपलब्ध झाली तर आपण तिच्यात बसतो का, पुढच्या मुलाला धोका किती, आणि नजर साधारण कोणत्या वेगाने जाईल. जनुकीय तपासणीशिवाय लक्सटर्नासारखा जनुकोपचार देता येत नाही. म्हणून अशा मुलांची ही तपासणी आदिवासी विकास आणि आरोग्य या दोन खात्यांनी सरकारी खर्चाने करावी, हे या लेखाचे स्पष्ट मागणे आहे. कोट्यवधींच्या औषधापुढे तिचा खर्च अगदीच थोडा आहे.

तोवर फसवणुकीपासून सांभाळावे लागेल. ‘स्टेमसेल’ टोचून रेटिनायटिस बरा करतो म्हणणारे, लाखो रुपये आगाऊ घेणारे दवाखाने शहरांत भेटतात. अमेरिकेत चरबीतून काढलेल्या अशाच पेशी डोळ्यांत टोचून घेतल्यावर तीन स्त्रियांची नजर गेल्याचे २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रीतसर वैद्यकीय चाचणी सरकारच्या नोंदणीपटावर असते, नीतिसमितीने तपासलेली असते, आणि प्रयोगात असलेल्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेत नाही. पैसे मागितले की उठून यावे.

मुलाचे शिक्षणही उपचाराची वाट पाहत थांबू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीलाही दिव्यांगत्व मानले आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्ड काढून घेतले, तर परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक, शिष्यवृत्ती आणि पुढे आरक्षण मिळते. मुलाला खिडकीजवळच्या बाकावर बसवणे, वसतिगृहाच्या वाटेवर दिवा लावणे यासाठी तर कसल्याच कागदाची गरज नाही.

राजूर, भंडारदरा, कोतूळ किंवा अशाच कोणत्याही डोंगराळ भागात राहणाऱ्या पालकांना, शिक्षकांना आणि आशाताईंना विनंती आहे. ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देऊनही एखाद्या मुलाला अंधारात दिसत नसेल, तर आणखी डोसावर वेळ घालवू नका. ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन त्याला जिल्हा रुग्णालयात किंवा नाशिक, पुणे, मुंबईच्या दृष्टिपटल तज्ज्ञाकडे न्या, आणि जाताना आजी-आजोबा, मामा, आत्या, चुलत-मावस भावंडे यांच्यापैकी कोणाकोणाला रात्री दिसत नव्हते त्यांची नावे एका कागदावर लिहून बरोबर ठेवा. डॉक्टरांना त्या कागदाची गरज पडते.